पोर्ट्री: राजाचं बंदर की उताराचं?

नकाशावेडा
स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचं मुख्य गाव पोर्ट्री. तिथल्या जुन्या गेलिक भाषेतल्या पाटीवर ‘पोर्ट री’, म्हणजे राजाचं बंदर. १५४० मध्ये स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स बारा जहाजं घेऊन बेटांवर जरब बसवायला निघाला, तेव्हा इथे उतरला म्हणून हे नाव, असं सांगतात. माझ्या मते ही मागाहून चिकटवलेली कथा. मूळ शब्द ‘रुइये’, डोंगराचा उतार. बेटावरच्या जुन्या उच्चारात ‘री’नंतर आणखी एक स्वर येतो, ‘राजा’च्या शब्दात तो नाहीच.

जुनी_पाटी
सहमत नाही. स्कायवर उतार नसलेलं बंदर दाखवा बरं! जमिनीकडे बघून अर्थ लावला की कुठलंही नाव कुठेही बसतं.

नकाशावेडा
पुरावा म्हणून मी स्वर दिलाय, उतार नाही. इंग्रजीत ‘ट्री’ लिहिलं की दोन्ही शब्द सारखेच दिसतात, घोळ तिथे झाला. आणि लोक साध्या उताराचा राजा करतात. राजाचा उतार कशाला करतील?

व्याकरणे
आधी आघात तपासा. गेलिक जोडनावात जोर दुसऱ्या शब्दावर पडतो: पोर्ट-री, इनव्हर-नेस. स्कायवरचंच कारबोस्ट म्हणताना जोर पहिल्यावर, कारण ते नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतलं: ‘बोस्ट’ म्हणजे शेतवाडी. ट्रॉटरनिशमधलं ‘निश’ही नॉर्सच, म्हणजे भूशिर. अशा नावांत गेलिक अर्थ शोधणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

दुसरा सापळा शब्दाच्या सुरुवातीला. मल बेटावरच्या टोबरमोरीला लोक खुशाल ‘मोठी विहीर’ म्हणतात, कारण ‘मोर’ म्हणजे मोठा. ती खरं तर मेरीची विहीर. मेरीचं ‘मोइरे’ जोडनावात ‘वोइरे’ होतं आणि इंग्रजी स्पेलिंगने त्या ‘व’चा पुन्हा ‘म’ केला. पुणे-पुण्याला म्हणताना आपण शेपूट हलवतो, गेलिक डोकंही हलवते.

जुनी_पाटी
छान, पण याने वाद मिटत नाही. राजा गेलिक, उतारही गेलिक. जोर दोन्हीकडे दुसऱ्याच शब्दावर. आणि सोळाव्या शतकाआधी या वस्तीचं नाव किल्टॅराग्लेन होतं, ‘किल’ म्हणजे चर्च. ते नाव नेमकं जेम्सच्या सुमारास का मागे पडलं? हा योगायोग तुम्हीच समजवा.

नकाशावेडा
चर्चची वस्ती वेगळी, होड्या लागायची जागा वेगळी. दोघांना दोन नावं असू शकतात. धक्क्याभोवती बाजार वाढला की धक्क्याचं नाव गावाला लागतं. किल्टॅराग्लेन पुसलं गेलेलं नाही, पोर्ट्रीलगत अजून आहे. १५४० आधीच्या कागदात ‘पोर्ट’वालं नाव सापडलं तर राजा बाद.

जुनी_पाटी
आणि तोवर तो बाद नाही. पाटी राहू द्या.

व्याकरणे
पाटी राहू द्या, पण गाइडला ‘म्हणे’ शिकवा.