मॅटलॅबमध्ये वापरकर्त्याची पसंती कायम कशी ठेवावी?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
नमस्कार. राजाराम बंधाऱ्यापाशी मोजली जाणारी पंचगंगेची पाणीपातळी आलेखात दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी मॅटलॅब या गणिती आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला आहे. पातळी फुटांत हवी की मीटरमध्ये आणि नोंदींची फाइल शेवटी कोणत्या फोल्डरमधून उघडली होती, हे मॅटलॅब बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही त्याच्या लक्षात राहावे, म्हणून सुरुवातीलाच ‘अ‍ॅडप्रेफ’ (addpref, पसंतीची नोंद साठवणारी मॅटलॅबची आज्ञा) वापरले. पहिल्या दिवशी ते चालले. दुसऱ्या दिवशी त्याच ओळीवर एरर आली. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडेही मी तिथेच साठवले आहेत. कुठे चुकले असावे?

उत्तर (शिरोली)
‘अ‍ॅडप्रेफ’ फक्त नवी नोंद करते. त्या नावाची नोंद आधीच असेल तर एरर देते. त्याऐवजी ‘सेटप्रेफ’ वापरा, म्हणजे नोंद नसल्यास तयार होईल आणि असल्यास बदलेल. वाचताना ‘गेटप्रेफ’ला नोंद ज्या गटात आहे त्याचे व नोंदीचे नाव देऊन तिसरी म्हणून डिफॉल्ट (नोंद नसल्यास वापरायची) किंमतही द्या. मात्र नोंद सापडली नाही, तर ही डिफॉल्ट किंमत नुसती परत मिळत नाही, ती साठवलीही जाते. त्यामुळे पुढे तुम्ही प्रोग्रॅममधली डिफॉल्ट बदललीत, तरी ज्यांनी तो एकदा चालवला आहे त्यांना ‘आरएमप्रेफ’ने जुनी नोंद काढेपर्यंत जुनीच किंमत मिळत राहते.

उत्तर (ताराबाई पार्क)
मला अधिक काळजी ३९ आणि ४३ या आकड्यांची वाटते. या नोंदी प्रोग्रॅमबरोबर जात नाहीत. ‘प्रेफडिर’ जो फोल्डर दाखवते, त्यात प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतंत्र राहतात. आमच्याकडे एकदा एकाच मोजणीचे दोन संगणकांवर दोन वेगळे आलेख निघाले आणि कारण सापडेपर्यंत अख्खा दिवस गेला. मर्यादेचा आकडा एकाच्या प्रेफरन्समध्ये बदललेला होता. एकक ही वापरकर्त्याची पसंती आहे, धोका पातळी नाही. हे आकडे फुटांत, प्रोग्रॅमसोबतच्या फाइलमध्ये ठेवा आणि मीटर निवडल्यास आलेख काढताना रूपांतर करा (३९ फूट म्हणजे सुमारे ११.८९ मीटर).

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. दोन्ही आकडे वेगळ्या फाइलमध्ये हलवले. पाणीपातळीच्या दर नोंदीसाठी लूपमध्ये ‘गेटप्रेफ’ बोलावले तर चालेल का?

उत्तर (शिरोली)
ते टाळा. सुरुवातीला एकदाच वाचून किंमत व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि वापरकर्त्याने निवड बदलली की त्याच क्षणी ‘सेटप्रेफ’ करा.