दक्षिणेची गॅलरी, डिसेंबर आणि करपलेली पीस लिली

कुंडीवाली_कर्वेनगर:
गॅलरी दक्षिणेला, तिसरा मजला. अख्खा मे महिना मजेत काढलेली पीस लिली आता डिसेंबरात रुसलीय. पानांवर तपकिरी, कागदासारखे कोरडे डाग. अडेनियमची पानंही पिवळी पडून रोज चार-पाच गळतात. सासूबाई म्हणतात थंडी बाधली. मी पाणी वाढवलं, दोन्हींना रोज एकेक मग. फरक शून्य. रात्री कुंड्या आत घेऊ का? (जागा नाही. सायकल आधीच आत आहे.)

बाल्कनीबुवा:
ताई, थंडीला बोल लावण्याआधी दुपारी साडेबाराला ऊन कुठवर येतं ते बघा. आमच्याकडे सध्या थेट सोफ्यापर्यंत. मे ते जुलै पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्यावर, किंबहुना जरासा उत्तरेलाच असतो. त्यामुळे वरच्या स्लॅबची सावली पडते आणि दक्षिणेच्या गॅलरीत ऊन शिरतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी जेमतेम ४८ अंश वर चढतो. ऊन सरळ आत. तुमची लिली गारठलेली नाही, भाजलीय. मला हे कळेपर्यंत दोन हिवाळे गेले आणि एक फर्नही. कुंडी दाराच्या आत सरकवा. डागाळलेली पानं हिरवी होणार नाहीत, कापून टाका.

अडेनियमची गोष्ट वेगळी. त्याला ऊन हवंच, पण गार रात्री सुरू झाल्या की ते पानं टाकून झोपतं. झोपलेल्याला रोज मगभर पाणी कशाला? आधी खोड बुंध्याशी दाबून बघा.

कुंडीवाली_कर्वेनगर:
डाग खरंच कठड्याकडच्याच पानांवर आहेत! पण अडेनियमचं खोड एका बाजूला मऊ लागतंय.

मातीतले_हात:
मऊ म्हणजे जास्त पाण्याने सडलंय. मग आजच उपटा. मऊ भाग स्वच्छ सुरीने पांढरा, कडक गर दिसेपर्यंत कापा. थोडंही तपकिरी ठेवू नका. सावलीत आठवडाभर उघडं सुकू द्या, मग वाळू जास्त घातलेल्या कोरड्या मातीत लावा. पाणी लगेच नाही. आणि कुंडीखालची ताटली काढा.

बाल्कनीबुवा:
लिलीलाही रोज नको. बोट दोन पेरं खुपसा, माती कोरडी लागली तरच, तेही सकाळी. सायकल मात्र गॅलरीत काढा, तिला ऊन बाधत नाही.