मदत हवी आहे: ग्रामीण व्यसनमुक्ती कार्यक्रमाच्या पूर्वतयारीसाठी अनुदान कसे मागावे?

सर्व सभासदांना नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्यात आमची छोटी नोंदणीकृत संस्था महिला बचत गटांसोबत काम करते. अलीकडे गटांच्या बैठकांत कर्जफेडीच्या आधी दारूचा विषय निघतो, आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) तर शाळकरी मुलांच्या दप्तरांतही सापडू लागला आहे. काही गावांसाठी व्यसनमुक्तीचा दीर्घ मुदतीचा कार्यक्रम हाती घ्यावा, असे आम्ही ठरवले आहे. मात्र त्याआधी साधारण वर्षभर केवळ पूर्वतयारी करायची आहे. त्या वर्षासाठी पैसे कोणाकडे आणि कशा प्रकारे मागावेत, याबद्दल अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

आतापर्यंत ज्या देणगीदारांशी बोलणे झाले, त्यांची शिबिरे, पथनाट्ये आणि शपथविधी यांसाठी पैसे देण्याची तयारी आहे. सर्वेक्षण आणि आराखडा म्हटले की चर्चा तेथेच थांबते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचे या विषयावरील अनुदानही प्रामुख्याने पुनर्वसन केंद्रांसारख्या प्रत्यक्ष सेवा चालवण्यासाठी असते.

पूर्वतयारीचा आग्रह आम्ही का धरतो, ते सांगणे आवश्यक आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने ती एकाएकी बंद केली, तर पहिल्या काही दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास ते जिवावर बेतू शकते. म्हणून गावात कोणाकडून शपथ घेण्यापूर्वी, अशा रुग्णाला रात्री कोठे न्यायचे, प्राथमिक आरोग्य केंद्रात डायझेपाम (झटके रोखणारे औषध) आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) उपलब्ध असते का, ग्रामीण रुग्णालय त्याला दाखल करून घेईल का, आणि तो घरी परतल्यावर पाठपुरावा कोण करील, हे लेखी ठरलेले असायला हवे असे माझे ठाम मत आहे. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळतो. आमच्या तालुक्यात बाकीचे ३७ जण नेमके कोठे अडतात, हे शोधल्याशिवाय खाटा वाढवून काय साधेल?

अमेरिकेत यासाठी स्वतंत्र तरतूद झाली होती, हे वाचून धीर आला. तेथील संघराज्य शासनाच्या आरोग्य संसाधन आणि सेवा प्रशासनाने २०१८ मध्ये ग्रामीण भागातील ओपिऑइडच्या (अफूसारख्या वेदनाशामक व अमली पदार्थांच्या) व्यसनासाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्याच्या पहिल्या फेरीत केवळ नियोजनासाठी एका वर्षाकरिता २ लाख डॉलरपर्यंत अनुदान होते. किमान चार स्वतंत्र संस्थांनी एकत्र येऊन करार करायचा, गरजा आणि उणिवा तपासायच्या आणि त्यावरून कृती आराखडा, मनुष्यबळाचा आराखडा व निधी संपल्यावर काम कसे टिकेल याचा आराखडा तयार करायचा, अशी रचना होती. प्रत्यक्ष अंमलबजावणीचे अनुदान त्यानंतर वेगळे. आपल्याकडे गडचिरोलीत २०१६ पासून राज्य शासन, टाटा ट्रस्ट आणि 'सर्च' ही तेथील स्वयंसेवी संस्था यांच्या सहभागातून चाललेल्या 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रमामध्ये जनजागृती, गावसंघटन, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार हे चारही भाग एकत्र बांधलेले दिसतात. परंतु ते जिल्हाव्यापी काम आहे, आणि तेथे १९९३ पासून दारूबंदीही आहे. एका तालुक्यापुरते काम करणाऱ्या लहान संस्थेने त्यातून काय घ्यावे, हे आम्हाला उलगडत नाही.

माझा मुख्य प्रश्न कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, परंतु विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून वगळला आहे. म्हणजे आखणीचा खर्च प्रकल्पखर्चातच धरता येतो, असा माझा अर्थ आहे. हा मुद्दा पुढे करून कोणी पूर्वतयारीसाठी निधी मिळवला आहे का? स्वतंत्र अर्ज करावा, की तीन वर्षांच्या प्रस्तावाचे पहिले वर्ष म्हणून मांडावे? जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनांतून असे काम मंजूर झाल्याचे कोणाला माहीत असल्यास तेही सांगावे.

दुसरी अडचण कराराची आहे. ग्रामपंचायत, बचत गटांचा प्रभागसंघ, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आमची संस्था यांनी एकत्र यावे अशी कल्पना आहे, परंतु वैद्यकीय अधिकारी वरिष्ठांच्या परवानगीशिवाय सही करू शकत नाहीत. ती परवानगी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागावी, की जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जावे?

सर्वेक्षणासाठी दारूचे सेवन किती घातक आहे हे तपासणारी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' ही प्रश्नावली वापरण्याचा विचार आहे. लहान गावात नाव लपवले तरी माणूस ओळखू येतो, आणि अवैध विक्री करणारे घर बहुधा शेजारीच असते. त्यामुळे माहिती देणाऱ्या स्त्रियांना त्रास होईल, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. प्रश्न कोठे आणि कोणी विचारावेत, नोंदी कोणाच्या ताब्यात ठेवाव्यात, आणि नैतिक मान्यतेसाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे जाता येते का, याबद्दल ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मंजूर झालेल्या एखाद्या प्रस्तावाचे अंदाजपत्रक, संस्थेचे नाव आणि ओळख पटवणारे तपशील काढून, कोणी दाखवू शकल्यास फार उपयोग होईल. सर्वेक्षकांचे मानधन, प्रवास, प्रशिक्षण आणि समन्वयकाचे वेतन यांत रकमेची विभागणी कशी करतात, एवढे समजले तरी आम्ही पहिला मसुदा लिहायला घेऊ.