निळ्या पूररेषेचा शेरा आणि व्हॅल्युएशन ८ लाखांनी कमी : घ्यावा का फ्लॅट?

मुठाकाठ
पुण्यात सिंहगड रस्त्याच्या मुठा नदीकडच्या बाजूला १२ वर्षं जुन्या इमारतीतला रीसेल फ्लॅट, दुसरा मजला. ठरलेला भाव ६८ लाख. भोगवटापत्र आहे, सोसायटी नोंदणीकृत आहे. बँकेच्या व्हॅल्युअरने ६० लाख लावले आणि शेरा मारला : "भूखंडाचा काही भाग निळ्या पूररेषेत, पार्किंग लाल रेषेच्या पातळीखाली." एजंटचं म्हणणं, पाणी आलंच तर पार्किंगमध्ये येईल, दुसऱ्या मजल्याला काय त्याचं? तर हा शेरा किती गंभीर, खिशातून किती जास्त घालावे लागतील आणि विसार देण्याआधी कुठले कागद बघायचे?

हिशेबवही
पैशाचं आधी. बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतली कमी रक्कम धरते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के. म्हणजे ६८ वर ५४.४० लाख मिळाले असते, ६० वर ४८ लाखच. तुमचा वाटा १३.६० वरून थेट २० लाखांवर.

मुद्रांक शुल्क मात्र करारातली किंमत किंवा रेडी रेकनर (सरकारी दरपत्रक), जे जास्त असेल त्यावर. बँकेने कमी धरलं म्हणून तिथे सूट नाही. ७ टक्क्यांनी ४,७६,००० आणि नोंदणी फी ३०,०००; या दोन्हींना कर्ज धरत नाहीत. एकूण रोख साधारण २५ लाख लागतील. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर शुल्कात १ टक्का सवलत.

दुसऱ्या बँकेत जाऊन ६६ चं व्हॅल्युएशन आणता येईलही, पण शेऱ्यामागचं कारण जागेवरून हलत नाही. तो अहवाल विकणाऱ्यापुढे ठेवून भाव कमी करून घ्या.

जोतेपातळी
एजंट अर्धंच सांगतोय. व्हॅल्युअरने पैसे कापले ते जमिनीतल्या हिश्शाचे आणि उद्याच्या पुनर्विकासाचे, तुमच्या दिवाणखान्यात पाणी येईल म्हणून नव्हे.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. "२५ वर्षांतून एकदा" ऐकायला निवांत वाटतं. दरवर्षी ४ टक्के शक्यता धरा आणि २० वर्षांच्या कर्जाचा हिशेब करा : त्या काळात निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के. लाल रेषेची १८ टक्के.

राज्याच्या एकत्रित नियमावलीनुसार (यूडीसीपीआर, २०२०) नदीकाठ ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध. तिथे बाग, मोकळी जागा, पार्किंग असलीच कामं चालतात. निळी ते लाल या पट्ट्यात बांधकाम चालतं, पण जोतं (इमारत ज्यावर उभी राहते तो चौथरा) लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवं. निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास होऊ शकतो, त्यालाही हीच जोत्याची अट आणि शिवाय जलसंपदा खात्याची ना-हरकत. म्हणून पहिला प्रश्न हा, की रेषेत इमारत आहे की फक्त मागची बाग. बागच असेल तर गोष्ट खूपच सौम्य. त्या तुकड्याचा एफएसआय (भूखंडावर किती बांधता येतं ते प्रमाण) उरलेल्या भूखंडावर वापरता येतो. तो आधीच वापरून झालाय का, तेवढं बघा.

कागद हे :

– महापालिकेतून झोन दाखला आणि भाग नकाशा. सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर पूररेषा सहसा दिसत नाही.
– मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत. सोसायटीकडे नसेल तर बांधकाम परवानगी विभागात माहिती अधिकाराचा अर्ज करा; फी १० रुपये, मुदत ३० दिवस. मंजुरीच्या तारखेला कुठली रेषा धरली होती ते यावर कळतं. रेषा नंतर सरकली म्हणून अधिकृत इमारत बेकायदा ठरत नाही, पण पुनर्विकासाला आजची रेषा लागेल.
– खडकवासला पाटबंधारे विभागाकडून तुमच्या सर्व्हे नंबरजवळच्या नदीछेदाची (नदीच्या त्या ठिकाणच्या आडव्या कापाची) निळ्या आणि लाल रेषेची पातळी. शेजारच्या पुलाजवळची चालणार नाही. नदीला उतार असतो, पातळी छेदागणिक बदलते.
– जोते तपासणी दाखला, म्हणजे जोतं मंजूर नकाशाप्रमाणे झाल्याचा.

आता फसायची जागा. मंजूर नकाशावर जोत्याची पातळी १००.४५ दिसली तर हुरळून जाऊ नका. बरेचदा साइटवरचा एखादा पक्का बिंदू १००.०० मानून बाकीच्या पातळ्या लिहिलेल्या असतात. जलसंपदाची पातळी समुद्रसपाटीपासूनची. समजा तुमच्या छेदाला लाल रेषा ५४८.६० मीटर असेल, तर जोतं ५४९.०५ च्या वर हवं, १००.४५ ची तुलना त्याच्याशी करणार कशी? दोन्हींना जोडणारा बेंचमार्क (समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत असलेला बिंदू) नकाशावर नसेल तर सर्व्हेअर लावून ऑटो लेव्हल या उपकरणाने पातळी आणून घ्या. या मापाशिवायची बाकी सगळी चर्चा अंदाजपंचे.

चहाकट्टा
एवढं कशाला? बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद साफ.

जोतेपातळी
@चहाकट्टा, बँकेचा सर्च (मालकीची तपासणी) आणि टेक्निकल (बांधकामाची तपासणी) अहवाल बँकेच्या पैशासाठी असतो. घर पाडलं गेलं तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जातो. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले मे २०२५ मध्ये महापालिकेने पाडले. हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयातही टिकला. घेणाऱ्यांनी प्लॉट रीतसर पैसे मोजून घेतले होते. अनधिकृत बांधकामं प्रशमित (शुल्क घेऊन नियमित) करण्याच्या २०१७ च्या नियमांतही निळ्या रेषेतली बांधकामं वगळलेली आहेत, तेव्हा "पुढे नियमित होईल" हे गाजर कुणी दाखवलं तर तिथूनच माघारी फिरा. मुठाकाठ यांची केस वेगळी आहे, त्यांच्याकडे भोगवटापत्र आहे.

पंपघर
दुसरा मजला कोरडा राहतो, पण इमारत बंद पडते. मुठेवरच्या खडकवासला धरणाची साठवण जेमतेम २ टीएमसी. वरची पानशेत-वरसगाव धरणं भरली की येणारं पाणी पुढे सोडावंच लागतं. २५ जुलै २०२४ ला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं.

जागेवर जाऊन हे बघा. मीटर पॅनेलची खालची कड कुठे आहे? पाण्याखाली जात असेल तर वीज बंद, वीज बंद म्हणजे पंप आणि लिफ्टही बंद. लिफ्टचा खड्डा सगळ्यात आधी भरतो. जमिनीखालच्या टाकीचं झाकण फरशीच्या पातळीला असेल तर पुराबरोबर ड्रेनेजचं पाणी पिण्याच्या टाकीत. झाकणाभोवती उंच कठडा हवा. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) आहे का विचारा, नसेल तर पाणी रस्त्याऐवजी तळमजल्याच्या मोरीतून वर येतं. पार्किंगच्या खांबांना छातीएवढ्या उंचीपर्यंतच ताजा रंग दिसला तर त्यावर क्षारांचे पांढरे डाग हाताने चाचपून बघा. आणि सोसायटीचा २०२४-२५ चा ताळेबंद मागा : लिफ्ट दुरुस्ती, टाकी सफाई, मोटार रिवाइंडिंग. तोंडी कुणी काही सांगो, हे खर्च लपत नाहीत.

हिशेबवही
विम्याचं राहिलं. 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पूर येतो. विमा रक्कम पुनर्बांधणीच्या खर्चावर काढतात, बाजारभावावर नाही. ६८ लाखांत जमिनीची जी किंमत आहे तिला विमा नसतो. पार्किंगमधली गाडी यात येत नाही. तिच्या मोटार विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्या, आणि पाण्यातून काढलेली गाडी स्टार्टर मारून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

मुठाकाठ
धन्यवाद. जुलै २०२४ चे खर्च मागितले, सेक्रेटरी "बघतो" म्हणालेत. पाटबंधारेकडून पातळी मिळेपर्यंत विसार थांबवू का?

जोतेपातळी
थांबवता येत नसेल तर विसारपावतीत दोन ओळी घालून घ्या : ठरावीक तारखेपर्यंत किमान अमुक लाख कर्ज मंजूर न झाल्यास, किंवा इमारतीचा कुठलाही भाग निषिद्ध पट्ट्यात आढळल्यास, विसार पूर्ण परत. विकणारा दुसऱ्या ओळीला अडून बसला, तर पाटबंधारेच्या उत्तराची वाट बघायची गरजच नाही.