मदत हवी आहे: त्रिनिदाद आणि टोबॅगोचा ध्वज शिवायचा आहे

३१ ऑगस्टच्या प्रदर्शनासाठी १५० × ९० सेंमीचा सुती ध्वज शिवायचा आहे. प्रमाण ५:३. लाल कापडावर काळा तिरका पट्टा, दोन्ही कडांना पांढऱ्या पट्ट्या. पांढरी पट्टी लांबीच्या १/३० म्हणजे ५ सेंमी, काळी २/१५ म्हणजे २० सेंमी. पट्टा काठीकडच्या वरच्या कोपऱ्यातून समोरच्या खालच्या कोपऱ्यात उतरतो. हा उतार हमखास उलटा होतो, म्हणून काठीची बाजू आधी खडूने लिहून ठेवली आहे.

अडचण लाल त्रिकोणांची. त्यांची लांब कड उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरकी) येते, मशीनखाली ताणली जाते आणि शिवणीला झोळ पडतो. पट्ट्या उभ्या धाग्यात १८० सेंमी कापल्या तर ताण आवरेल का, की आधी धावदोरा घालून कड बांधावी? पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावलं तर ध्वज फडकेल ना? दोन्ही बाजूंनी तो नीट दिसायलाच हवा.

शेजारच्या फलकाचा मजकूरही तपासून हवा आहे. सप्टेंबर १९६१ च्या सार्वमतात जमैकाने वेस्ट इंडीज संघराज्य (कॅरिबियनमधल्या ब्रिटिश वसाहतींचा संघ) सोडायचा कौल दिला, त्यानंतर त्रिनिदादचे नेते एरिक विल्यम्स यांनीही वेगळी वाट धरली आणि १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला. प्रजासत्ताक १ ऑगस्ट १९७६ ला झालं, पण तो दिन २४ सप्टेंबरला पाळतात, कारण नव्या राज्यघटनेखालची संसद त्या दिवशी प्रथम भरली. या दोन तारखांत लोक फार गोंधळतात. दोन्ही फलकावर द्याव्यात का?