'द' मात्र चालतो

"इंग्रजीत मोजता येत नाही त्या नामाआधी आर्टिकल, म्हणजे 'अ', 'अ‍ॅन' किंवा 'द', लावायचंच नाही" हा नियम अर्धाच खरा आहे. चालत नाही ते 'अ' आणि 'अ‍ॅन', 'द' चालतो. सांगलीत दहावीच्या मुलांना शिकवताना मी मार्केट यार्डातलीच उदाहरणं घेते. 'टर्मरिक इज यलो' म्हणजे एकूणच हळद, म्हणून आर्टिकल नाही. पण 'द टर्मरिक इन धिस सॅक इज वेट' म्हटलं की या पोत्यातलीच हळद, तिथे 'द' हवाच.

शिवाय नाम कायमचं एकाच गटात बसत नाही, हेही लक्षात ठेवावं. 'आय ड्रिंक कॉफी', पण हॉटेलात 'अ कॉफी, प्लीज', म्हणजे एक कप. 'नॉलेज' मोजत नाहीत, तरी 'अ गुड नॉलेज ऑफ मराठी' शुद्धच आहे. 'अ‍ॅडव्हाइस', 'फर्निचर' यांना मात्र ही सवलत नाही, तिथे 'अ पीस ऑफ' घ्यावं लागतं. आणि खरं सांगायचं तर मुलं जास्त अडतात ती उलट्या बाजूला: 'आय बॉट बुक'. मोजता येणारं नाम एकवचनात सहसा एकटं येत नाही. आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी लागतं. माझ्या मते शिकवायला सुरुवात इथूनच करावी.