खंजिरी धरणाऱ्या हाताचा अंगठा दुखतो; स्पर्धेआधी काय करावे?

खंजिरीवादक, तिवसा तालुका

गुरुकुंज मोझरी आमच्या गावापासून जवळ असल्यामुळे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने आणि सामुदायिक प्रार्थना मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि गेली १९ वर्षे गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवत आहे. आजवर बोटांना भेगा पडण्यापलीकडे हाताची तक्रार कधी झाली नव्हती. दीड महिन्यापासून मात्र डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, जिथे मनगटाचे हाड वर आलेले दिसते, तिथे कळ येते. थाप उजव्या हाताने मारतो आणि दुखतो तो खंजिरी धरणारा डावा हात, हे कोडे मला सुटलेले नाही.

सुरुवातीला भजन आटोपल्यावरच दुखत असे. आता सकाळी तांब्या उचलताना, ओला टॉवेल पिळताना आणि मोटरसायकलचा क्लच दाबताना जीव कळवळतो. त्यात पऱ्हाटी फुटलेली आहे, मजूर मिळत नाहीत, त्यामुळे घरची सगळी माणसे दिवसभर वावरात कापूस वेचत आहोत आणि रात्री मंडळाचा सराव चालतो.

उपचार दोन झाले. एका जाणकाराने चोळून चोळून नस बसवून दिली, त्यानंतर दोन दिवस सूज होती. मग तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी कंबरेत इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. आठ दिवस काही दुखले नाही, म्हणून मी एका सप्ताहात सलग चार रात्री वाजवले आणि पाचव्या दिवशी अंगठा हलवणेही कठीण झाले. औषधाच्या दुकानातून मनगटाचा पट्टा आणला, त्याचाही उपयोग नाही. खंजिरी भजन स्पर्धेला नऊ आठवडे उरले आहेत. वाजवणे पूर्ण थांबवावे का, पट्ट्याने गुण का येत नाही, आणि हात पूर्वीसारखा होईल का, एवढे कोणी अनुभवाने सांगावे.

मंडळप्रमुख, आर्वी

दादा, वाद्य खाली ठेवले की हात जड होतो, एवढे मी ४० वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. आमच्या वेळी पट्टे नव्हते. रात्र रात्र भजने चालत आणि पहाटे वखर धरायला जावे लागे. तिळाचे तेल कोमट करून लावावे आणि सराव थोडा वाढवावा, हात आपोआप मोकळा होतो.

एक गोष्ट मात्र आजची मुले विसरतात. हिवाळ्याच्या रात्री दव पडले की चामडे सैल पडते आणि आवाज दबतो. मग वाजवणारा जोर लावतो, थाप जड होते आणि धरणारा हातही आवळला जातो. आम्ही दर तीन-चार भजनांनी खंजिरी शेकोटीवर शेकत असू आणि त्या निमित्ताने हातही शेकले जात. आता मंडपात शेकोटी नसते, तरी तेवढी सोय करून घ्यावी.

फिजिओथेरपिस्ट, वर्धा जिल्हा

भाऊ, हात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान सांगणे योग्य नाही, पण तुम्ही केलेले वर्णन डी क्वेर्व्हेन नावाच्या दुखण्याशी जुळते. स्वित्झर्लंडच्या त्या शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले होते. अंगठा बाहेर ताणणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात. ते आवरण जाड झाले की पायजम्याचा नेफा आकसून नाडी अडावी तशा त्या आत अडतात आणि अंगठ्याच्या प्रत्येक हालचालीला घासतात. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीच्या दिशेने झुकवले आणि नेमकी तिथेच कळ आली, तर संशय बळावतो. हे एकदाच करून पाहावे, पुन्हा पुन्हा ताणून नव्हे.

आता तुमचे कोडे. उजवा हात थाप मारतो आणि सुटतो, म्हणजे दोन थापांच्या मध्ये त्याला विसावा मिळतो. डावा हात तासभर सुटतच नाही. अंगठा पसरून लाकडी कडे आवळलेले असते, त्याचे वजन मनगटावर असते, आणि चकत्या वाजाव्यात म्हणून तुम्ही तेच मनगट सतत कडेला हलवत असता. क्लच दाबणे, टॉवेल पिळणे आणि बोंडातून कापूस ओढणे यांतही अंगठा आणि मनगट अशाच ताणाखाली असतात. त्यामुळे तुम्ही वाजवणे थांबवले आणि वेचणी चालू ठेवली, तर हाताच्या दृष्टीने विश्रांती झालीच नाही. माझ्याकडे येणारे वादक वाजवण्याचे तास अचूक सांगतात. वावरातले तास विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

दुकानातला साधा पट्टा मनगट धरतो आणि अंगठा मोकळा सोडतो, म्हणून या दुखण्यात त्याचा फारसा उपयोग होत नाही. अंगठ्याचे मूळ आणि मनगट दोन्ही स्थिर ठेवणारा, थंब स्पायका म्हणतात तो पट्टा हवा. तो साधारण तीन ते सहा आठवडे लावतात आणि अंघोळीच्या वेळी काढून बोटे हलकेच हलवतात. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-बारा मिनिटे लावावा. दुखऱ्या जागी जोराने चोळणे बंद करावे, कारण आधीच सुजलेल्या आवरणावर तो आणखी एक मार असतो.

वेदनाशामक गोळ्यांनी वेदना दबली, म्हणूनच तुम्ही चार रात्री वाजवू शकलात. पोटाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्या घातकही ठरतात. कंबरेत दिलेले इंजेक्शन आणि अस्थिरोगतज्ज्ञाने थेट त्या आवरणात दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याने बहुतेकांना चांगला गुण येतो. मात्र मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, हे आधी सांगून ठेवावे. शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखवून घ्या.

वाद्य पुन्हा हातात घ्यायचे ते तांब्या आणि टॉवेल या दोन कामांत कळ येईनाशी झाल्यावरच. पहिल्या दिवशी पाच मिनिटे, हलक्या खंजिरीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला काय वाटते ते पाहावे, कारण या दुखण्याचा हिशेब बहुधा सकाळी कळतो. दोन दिवस काही वाटले नाही तर दोन-तीन मिनिटे वाढवावीत. दुखले तर मागच्या मापावर परत यावे. नऊ आठवड्यांत एखाददुसरे भजन वाजवता येईल असे मला वाटते, पण रात्रभर वाजवण्याची उमेद यंदा धरू नये.

आर्वीच्या काकांचे शेकण्याविषयीचे म्हणणे मला पूर्ण पटते, सराव वाढवण्याचे अजिबात पटत नाही. लिऑन फ्लायशर या अमेरिकन पियानोवादकाच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे १९६० च्या दशकात आत वळू लागली, आणि जिद्दीने सराव वाढवूनही ती सुधारली नाहीत. त्यांनी पुढची अनेक वर्षे केवळ डाव्या हाताने वाजवायच्या रचनांवर काढली आणि १९९० च्या दशकात बोट्युलिनम इंजेक्शनांमुळे त्यांना दोन्ही हातांनी वाजवता येऊ लागले. तो विकार वेगळा होता, फोकल डिस्टोनिया, ज्यात दुखत नाही पण वाजवताना बोट ऐकत नाही. तसे होऊ लागले तर मज्जातंतुतज्ज्ञाकडे जावे, घोटून घोटून तेच बोल वाजवत बसू नये.

तबलावादक, वडसा

ताईंनी वावरातल्या तासांचे लिहिले, ते वाचून मला माझा हात आठवला. मी झाडीपट्टी रंगभूमीवर तबला वाजवतो. दिवाळीनंतर आमचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. रात्री पडदा उघडतो, उजाडता मिटतो आणि दुसऱ्या रात्री दुसरे गाव. त्याआधी पावसाळ्यात घरचा धानाचा रोवणा असतो, त्यात दिवसभर मनगट वाकवून चिखलात बोटे खुपसावी लागतात.

माझा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री झोपेत बधिर होत असे, आणि उठून हात झटकल्याशिवाय झोप येत नसे. कोणी अशक्तपणा म्हटले, एकाने वर्षभर ताकदीची इंजेक्शने दिली. शेवटी नागपूरला मज्जातंतूंची तपासणी झाली, तेव्हा मनगटातील बोगद्यात मज्जातंतू दबल्याचे, म्हणजे कार्पल टनेल असल्याचे निघाले, आणि त्याच वेळी मला मधुमेह असल्याचेही कळले. डॉक्टरांनी सांगितले की मधुमेह आणि थायरॉइडच्या रुग्णांत हे अधिक आढळते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावून एका हाताचे भागले, उजव्याची शस्त्रक्रिया करावी लागली. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा तोवर थोडा बसला होता, तो पुरता भरला नाही. बधिरपणा सुरू झाला तेव्हाच गेलो असतो तर बरे झाले असते. करंगळीकडची दोन बोटे बधिर होत असतील तर दोष बहुधा कोपरापाशी असतो, हेही तिथेच कळले.

वाजवण्यात मी तीन बदल केले. नाटकापूर्वी गट्टे ठोकून तबला चढवण्याचे काम घाईघाईने एकट्याने करत असे, ते आता दुपारी उरकतो, म्हणजे पहिल्या पदाआधी हात थकलेला नसतो. मांडीखाली जाड घडी घेऊन बसतो, त्यामुळे मनगट किनारीवर मोडून पडत नाही. तिसरा बदल सर्वांत मोलाचा ठरला. ऑर्गन आणि ऑक्टोपॅडच्या आवाजात माझा तबला मलाच ऐकू येत नसे, म्हणून मी बडवत असे. आता ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याकडून एक लहान स्पीकर माझ्याकडे तोंड करून ठेवून घेतो आणि निम्म्या जोराने वाजवतो.

मोठा भोंगा मात्र कानामागे ठेवू देऊ नये. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कामगारांसाठी मानलेली मर्यादा आहे आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. आमचे नाटक किती तास चालते ते सर्वांना माहीत आहे. नाटक सुटल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर फोमचे बोळे वापरा. औषधाच्या दुकानात मिळतात आणि लय त्यांतूनही नीट ऐकू येते.

खंजिरीवादक, तिवसा तालुका

सात आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. रुग्णालयात ताईंनी सांगितलेलेच निदान झाले. आवरणात एक इंजेक्शन दिले आणि चार आठवडे अंगठ्याचा पट्टा. मोटरसायकल धाकट्या भावाकडे दिली. वेचणी पूर्ण सोडणे जमले नाही. मी उजव्या हाताने वेचले आणि जास्तीचे गाठोडे डोक्यावर वाहिले, त्यामुळे घरच्यांचे बोलणेही खाल्ले.

पाच मिनिटांपासून सुरुवात करून आता १८ मिनिटांवर आलो आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजची मिनिटे आणि सकाळचे दुखणे लिहितो. दोनदा मागे यावे लागले, त्यांतले एकदा तर नुसत्या हौसेने. खंजिरीच्या कड्याला जुन्या लुगड्याची पट्टी दोन वेढे गुंडाळली आहे. कडे जाड झाल्यामुळे ते आवळावे लागत नाही, नुसते टेकवले तरी राहते. चकत्यांचा आवाज किंचित बसका झाला, तो मी चालवून घेतला आहे. स्पर्धेत पहिले भजन मी वाजवणार आहे आणि दुसऱ्याला खंजिरी आमच्या मंडळातल्या दहावीच्या मुलाकडे देणार आहे.

मंडळप्रमुख, आर्वी

आमच्या सूनबाईला तीन महिन्यांचे बाळ आहे आणि तिचाही अंगठा नेमका त्याच ठिकाणी दुखतो. तिने तर कधी खंजिरी धरलेली नाही. तो पट्टा कोणत्या मापाचा आणावा?

फिजिओथेरपिस्ट, वर्धा जिल्हा

काका, तान्ह्या बाळाच्या आईला हे दुखणे फार वेळा होते, कारण बाळाला काखेत धरून उचलताना अंगठे पसरून सगळे वजन त्यांच्यावर येते. एक हात डोक्या-मानेखाली आणि एक ढुंगणाखाली, असे तळहातांवर उचलायला सांगा. पट्टा मनगटाचा घेर मोजून डाव्या-उजव्या हाताप्रमाणे मिळतो. अंदाजाने आणू नका, त्यांना घेऊनच दुकानात जा. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर दाखवायला आणा, आणि अंगावर पाजत असल्याचे डॉक्टरांना गोळ्या लिहिण्याआधी सांगा.